नीळ दिलेली ज्वाला

भाड्याने द्यायच्या घरांचे फोटो काढणाऱ्या त्या माणसाला सगळे नीळभाऊ म्हणत. नाव ठेवलं होतं त्याला काम देणाऱ्या एजंटाने. धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांवर पिवळट झाक राहते, ती मारायला शेवटच्या पाण्यात दोन थेंब नीळ टाकतात. हा माणूस तेच भिंतींचं करायचा. दिवसा घरात जाऊन फोटो काढायचा, संध्याकाळी संगणकावर बसून प्रत्येक फोटोतला पिवळेपणा, हिरवेपणा काढून टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत वीस-बावीस स्वच्छ फोटो एजंटाकडे पोचते करायचा. "घराची कावीळ उतरवणारा वैद्य आहे हा," असं एजंट मालकांना सांगे, आणि मालक हसत. बारा वर्षांत दहाची वेळ एकदाही चुकली नव्हती.

काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. माणसाचा डोळा समजूतदार असतो. साध्या बल्बखाली ठेवलेला कागद पिवळा दिसत असला तरी तो मनाशी म्हणतो, कागद आहे म्हणजे पांढराच, आणि पांढरा बघतो. कॅमेऱ्याला असली समजूत नाही. बल्बखालची भिंत तो पिवळी नोंदवतो, ट्यूबलाइटखालची हिरवट, खिडकीजवळची निळसर, आणि एकाच खोलीत तिन्ही उजेड असले तर भिंतीला तीन ठिगळं लागतात. म्हणून नीळभाऊ प्रत्येक खोलीतला पहिला फोटो करड्या रंगाचं एक कार्ड मध्ये ठेवून काढायचा. तळहाताएवढं कार्ड, कोपरे चिकटपट्टीने सांधलेले. ते करडंच आहे हे पक्कं ठाऊक असल्यामुळे संध्याकाळी संगणकाला तेवढंच दाखवायचं: हे करडं, आता बाकीचं तू बघ. कार्ड करडं झालं की भिंत आपोआप भिंतीच्या रंगाची होते. ज्या स्टुडिओत त्याने उमेदवारी केली तिथला म्हातारा मालक म्हणायचा, "डोळा लाच खातो रे, कार्ड खात नाही. भांडण झालं तर कार्डाच्या बाजूने उभा राहा."

एका मंगळवारी दुपारी चार वाजता एक साठीचा माणूस त्याच्या दारात आला. घराची पुढची खोली हेच नीळभाऊचं ऑफिस. माणसाच्या उजव्या हाताची बोटं टोकाशी काळी पडलेली, अंगठ्यावर जुन्या चटक्याचा चकचकीत डाग. त्याने चपला बाहेर काढल्या, पिशवीतून एक फोटो काढला आणि टेबलावर उताणा ठेवला.

"हा तुम्ही काढलाय?"

बाथरूमचा फोटो होता. पांढऱ्या टाइल्स, लाल बादली, भिंतीवर गॅसचा गिझर, गिझरच्या चौकोनी खिडकीत निळी ज्वाला. नीळभाऊला आपलं काम लांबूनही ओळखू यायचं.

"हो. घर बघायचंय का? ते एजंटाकडे विचारा, मी नुसता—"

"घर बघून झालं," माणूस म्हणाला. "धाकटी मुलगी गेली माझी. याच बाथरूममध्ये. एकवीस दिवस झाले."

नीळभाऊने बसायला खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"मी शेगड्या दुरुस्त करतो," तो म्हणाला. "चाळीस वर्षं. पोरी लहान होत्या तेव्हा त्यांचा खेळच होता तो. मी म्हणायचो, निळी? त्या म्हणायच्या, पाणी तापव! मी म्हणायचो, पिवळी? त्या म्हणायच्या, खिडकी उघड! दोघींना पाढ्यांआधी हे आलं."

त्याने सगळं क्रमाने सांगितलं, रडला नाही. दोघी बहिणींना या शहरात नोकऱ्या लागल्या. मोठीने घर फोटोंवरूनच ठरवलं. बाकीचे फोटो तिने वर-वर पाहिले, पण बाथरूमचा मोठा करून पाहिला, कारण शेगडीवाल्याची मुलगी. ज्वाला निळी. घर पक्कं. धाकटी सामान घेऊन एक दिवस आधी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मोठीला फोन केला: गिझरच्या काचेवर काजळी बसली आहे, आतलं नीट दिसत नाही, काय करू? मोठी म्हणाली, अगं मी बघितलंय फोटोत, निळी आहे. कर आंघोळ, पहिल्याच दिवशी उशीर नको. दार लावलं, पाणी सोडलं. साडेआठला गेलेली मुलगी दुपारी दोनला दार तोडून बाहेर काढली.

"आधी म्हणाले चक्कर येऊन पडली. नऊ दिवसांनी रक्ताचा अहवाल आला. गॅस नीट जळत नसला की जो विषारी वायू होतो, तो. ना वास, ना रंग. तोवर मालकाने गिझर काढून भंगारात दिला होता. आता म्हणतो, गिझर ठणठणीत होता, पोरीने झरोक्यात कापड कोंबलं असेल. आणि पुरावा काय, तर हा फोटो." त्याने काळ्या बोटाने फोटोवर टकटक केली. "हे बघा साहेब. निळी ज्वाला बुटकी असते. ताठ. आत टोक असतं, पेन्सिलीला काढल्यासारखं. ही बघा. उंच, लोळणारी, शेंड्याला फाटलेली. अंगाने पिवळी आहे आणि कपडे निळे घातलेत. असली ज्वाला मी आयुष्यात पाहिली नाही. म्हणून विचारायला आलो. ही अशी होती का?"

नीळभाऊने फोटोतल्या ज्वालेकडे पाहिलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"लेन्समुळे होतं काका कधीकधी. आकार ताणला जातो."

शेगडीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, जसं गळक्या नळीकडे पाहत असेल तसं. मग फोटो पिशवीत ठेवला.

"मोठी एकवीस दिवस बोललेली नाही," तो म्हणाला. "एकच वाक्य बोलते. माझे डोळे चुकले. जेवण पुढे ठेवलं की म्हणते, दिवा लावला की म्हणते. मला मालकाला फासावर नाही द्यायचं. तिचे डोळे चुकले का नाही, एवढं मला कळायला हवं. एक पोरगी गेली, दुसरी तरी..." त्याने चपला घातल्या. "गुरुवारी अकराला चौकशी आहे. तुम्हाला बोलावणं आलं असेल."

आलं होतं. एजंटाने सांगितलं होतं, नुसती सही करायची आहे.

शेगडीवाला गेल्यावर नीळभाऊ स्वयंपाकघरात गेला आणि शेगडी पेटवली. पंधरा वर्षं याच शेगडीवरचा चहा पीत होता, पण ज्वालेकडे बघितलं असं आज पहिल्यांदा. निळी, बुटकी, ताठ, आत टोक. त्याने बटण बंद केलं, पुढच्या खोलीत येऊन संगणक लावला आणि सात आठवड्यांपूर्वीच्या त्या दिवसाचे मूळ फोटो उघडले.

तो दिवस त्याला आठवत होता. एजंटाची पद्धत अशी की फोटोत घर चालतं दिसलं पाहिजे: सगळे दिवे लावलेले, पंखा फिरता, नळाला पाणी, गिझर पेटलेला. "बंद घर मढ्यासारखं दिसतं," तो म्हणायचा. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. बाथरूम चार फूट बाय पाच, वर वीतभर झरोका, गिझरच्या डोक्यावर उघडा बल्ब, बाहेर बोळात ट्यूबलाइट. गिझरची काच एजंटाने स्वतःच्या हाताने पुसली होती आणि फडकं पिशवीत कोंबलं होतं. फडकं काळंकुट्ट झालं होतं, हेही आता आठवलं. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचा एक पाय आत मावेना म्हणून तो उंबऱ्याबाहेर ठेवला होता. त्यामुळे दार उघडं राहिलं. वीस मिनिटं आत होता. बाहेर आला तेव्हा डोकं जड झालं होतं. उपाशी असल्यामुळे असेल, असं म्हणून त्याने गोळी घेतली होती.

मूळ फोटोत सगळंच पिवळं होतं, टाइल्स, बादली, भिंत. त्याने कार्डावर टिचकी मारली. कार्ड करडं झालं. टाइल्स पांढऱ्या झाल्या, बादली लाल झाली, भिंतीवरची ओल ओलीच्या रंगाची झाली. ज्वाला मात्र पिवळीच राहिली. शेंड्याला नारिंगी.

त्या संध्याकाळीही हेच दिसलं होतं. तेव्हा तो मनाशी म्हणाला होता, बल्ब बरोबर गिझरच्या वर आहे, म्हणून तिथे पिवळं जरा जास्त साचलंय, कार्ड खाली असल्यामुळे पुरं पडलं नाही. दोन दिव्यांच्या खोलीत असं होतं. कोपऱ्यात झाक उरते, ती संगणकातल्या कुंचल्याने पुसायची. त्याने पुसली होती. आणि पुसल्यावर ज्वाला फिकट, मेल्यासारखी दिसायला लागली म्हणून तिला निळा रंग दिला होता, कारण गॅस निळा जळतो हे कुणालाही ठाऊक असतं. चाळीस सेकंदांचं काम.

चूक अशी की पोरसवदा उमेदवारानेही करू नये. भिंतीवर बल्बचा रंग चढतो, कारण भिंतीला स्वतःचा उजेड नसतो. ज्वाला हा स्वतःच एक दिवा. तिच्यावर दुसऱ्या दिव्याचा रंग चढत नाही. जो दिसतो तो तिचाच. कार्डाने त्याला सांगितलं होतं: खोलीची कावीळ गेली, आता उरली ती खरी. आणि भांडण झालं तेव्हा तो डोळ्याच्या बाजूने उभा राहिला होता.

बुधवारी सकाळी एजंट आला. नेहमी फोन करणारा माणूस आज तीन जिने चढून आला, येताना गोड काहीतरी घेऊन आला, आणि खुर्चीवर असा बसला की खुर्ची त्याचीच.

"काय नीळभाऊ, तो शेगडीवाला आला होता म्हणे?"

"आला होता."

"बिचारा. पोरगी गेली की माणसाला भुतं दिसतात. उद्या काय, साहेब विचारतील, फोटो तुम्ही काढला का? हो म्हणायचं. सही करायची. चहा प्यायचा. घरी."

"शेठ, ज्वाला पिवळी होती."

एजंटाने दाराकडे पाहिलं. आत शिवणाच्या मशीनचा आवाज येत होता, तो थांबला नव्हता. "कुणी सांगितलं?"

"मूळ फोटोत आहे."

"मूळ फोटोत टाइल्सपण पिवळ्या आहेत. तुझ्या मूळ फोटोत माझं टक्कलसुद्धा पिवळं येतं! म्हणून तर तुला ठेवलंय."

"टाइल्स पांढऱ्या केल्यावरही ज्वाला पिवळी राहते. कार्ड आहे ना."

"ते कार्ड!" एजंट हसला, पण अर्धवट. "अरे, त्या कार्डाला कुणी ओळखतं का चौकशीत? कार्डाला आईबाप आहेत? हे बघ, हे मूळ फोटो कुठे असतात?"

"डिस्कवर."

"डिस्क पडतात. हातातून सुटतात. माझी तर गेल्या वर्षी दोनदा पडली." त्याने आवाज उतरवला. "मला सांग, निळी कुणी केली? मालकाने? मी? मी तुला म्हटलं होतं ज्वाला रंगव? तू हे उद्या बोललास तर पहिला दगड कुणाच्या डोक्यात पडतो? विचार कर. हात दाखवून अवलक्षण कशाला? आणि वर पुढच्या महिन्याची चाळीस घरं आहेत. नीळ काय, बाजारात दुसरीही मिळते."

"फडकं कुठे टाकलंत शेठ?"

"कसलं फडकं?"

"काच पुसलेलं."

एजंट उठला. गोड पदार्थाचा डबा टेबलावर तसाच राहिला. दारातून तो म्हणाला, "पाठीवर मारलं तर माणूस सोसतो. पोटावर पाय आला तर कुणीच कुणाचं नसतं, एवढं लक्षात ठेव," आणि जिना उतरला.

मशीन थांबलं. नीळभाऊची बायको दारात आली. ती सकाळी घरी शिवण करी आणि दुपारपासून कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी राही.

"काय म्हणत होता तो?"

"ऐकलंस ना सगळं."

"ऐकलं. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

त्याने सांगितलं. शेगडीवाल्याशी खोटं बोललो तेही सांगितलं. ती उभ्या-उभ्या ऐकत होती, हातातल्या दोऱ्याची गुंडाळी बोटाने फिरवत.

"तुम्हाला माहीत होतं का, पिवळी म्हणजे वाईट असते ते?"

"नव्हतं. आईशप्पत नव्हतं."

"मग माझ्यापुढे काय शपथा घेता? त्या पोरीपुढे घ्या, तिच्या बहिणीपुढे." मग जरा खालच्या आवाजात, "काम जाईल?"

"जाईल. कदाचित माझ्यावरही काहीतरी लागेल."

बाहेर कुणीतरी जिन्यावर बादली आपटली. "दुकानात बायका कापड घेतात ना," ती म्हणाली, "तेव्हा मालक म्हणतो आतच दाखव, दिव्याखाली खुलतं. मी बाहेर नेते, फुटपाथवर. दहातल्या चार परत ठेवून जातात. मालक रोज ओरडतो. पण घरी जाऊन माझ्या नावाने रडत कुणी आलेलं नाही अजून." तिने डबा उचलला आणि त्याच्या हातात दिला. "हा आधी परत करून या. आणि त्या काकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी सांगून तुम्ही बोललात तर तेही एजंटाने सांगितल्यासारखंच होईल."

त्याने डबा एजंटाच्या ऑफिसच्या दारात ठेवला. घरी येऊन तीन फोटो छापले. पहिला जसा कॅमेऱ्यात आला तसा, सगळं पिवळं. दुसरा फक्त कार्डाने सुधारलेला: टाइल्स पांढऱ्या, ज्वाला पिवळी. तिसरा जाहिरातीतला: टाइल्स पांढऱ्या, ज्वाला निळी. मूळ फोटोंच्या दोन प्रती काढल्या. एक डिस्क बायकोच्या कापडाच्या पिशवीत गेली, एक त्याच्या खिशात.

गुरुवारी अकराला सुरू व्हायची चौकशी पावणेबाराला सुरू झाली. अधिकाऱ्याची खोली लांबट, एकच खिडकी, तीही फायलींच्या कपाटाने अडवलेली. छताला एक जुनी ट्यूबलाइट, टोकांना काळवंडलेली, आणि टेबलावर पिवळ्या बल्बचा दिवा. आत शिरताच नीळभाऊने दोन्ही दिव्यांकडे पाहिलं. असल्या उजेडात त्याने फोटो कधी कुणाला दाखवला नसता.

एका बाकावर मालक आणि एजंट. समोरच्या बाकावर शेगडीवाला, आणि त्याच्या शेजारी मोठी मुलगी. तिशीच्या आतली, केस ओढून बांधलेले, नजर गुडघ्यांवर. ती कुणाकडेच बघत नव्हती.

अधिकारी थकलेला पण सभ्य माणूस होता. "फोटो तुम्ही काढला?"

"हो."

"गिझर व्यवस्थित पेटलेला होता?"

"नाही साहेब. ज्वाला पिवळी होती. फोटोत निळी मी केली."

खोलीत कुणीतरी खाकरलं. मालक अर्धा उठला. एजंटाने त्याचा हात धरून खाली बसवला आणि स्वतः बोलला, अगदी मवाळपणे: "साहेब, बल्बखाली सगळंच पिवळं येतं. फोटोग्राफर मंडळी ते दुरुस्त करतात, हा त्यांचा धंदाच आहे. आता याच्या मनाला लागलंय म्हणून हा सगळं अंगावर घेतोय. चांगला माणूस आहे."

नीळभाऊने तीन फोटो टेबलावर ठेवले आणि कार्ड म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली. अधिकाऱ्याने दुसरा आणि तिसरा फोटो शेजारी-शेजारी धरले. वरून हिरवट उजेड, बाजूने पिवळा. दुसऱ्या फोटोतल्या टाइल्स आता पिवळट दिसत होत्या, तिसऱ्यातली ज्वाला राखेसारखी.

"मला दोन्ही सारखेच वाटतात," अधिकारी म्हणाला. "डाग पडल्यासारखे."

"तेच तर," एजंट म्हणाला. "कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच."

"साहेब," नीळभाऊ म्हणाला, "बाहेर उजेडात चला."

"इथून?"

"दोन मिनिटं. पायरीपर्यंत. या खोलीत मी पांढरा कागद दाखवला तरी तुम्हाला पटणार नाही."

अधिकाऱ्याने ट्यूबलाइटकडे पाहिलं, जणू पंधरा वर्षांत पहिल्यांदाच, आणि उठला. मागोमाग सगळे उठले. बोळातून, पाण्याच्या टाकीजवळून, शिपायाच्या स्टुलाला वळसा घालून सगळी वरात इमारतीच्या मागच्या पायरीवर आली. आभाळ ढगाळ होतं, उजेड सपाट, फोटो बघायला याहून चांगला उजेड मिळत नाही. नीळभाऊने फोटो पायरीच्या कठड्यावर ओळीने मांडले आणि शेजारी चिकटपट्टी लावलेलं ते कार्ड ठेवलं.

"हे कार्ड आत्ता इथे आहे, तेच फोटोत आहे. पहिल्यात ते पिवळं दिसतंय, म्हणजे खोलीतला उजेड पिवळा. दुसऱ्यात ते याच्यासारखंच करडं आहे. म्हणजे खोलीतला पिवळेपणा गेला. टाइल्स बघा. बादली बघा. आता ज्वाला बघा."

अधिकारी वाकला. बराच वेळ वाकून राहिला. कार्ड उचलून फोटोतल्या कार्डाशेजारी धरलं, मग परत ठेवलं. मालकाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण एजंट या वेळी त्याच्याजवळ उभा नव्हता. तो चार पावलं मागे सरकला होता आणि फोनमध्ये बघत होता.

मोठी मुलगी पुढे आली. शेगडीवाल्याने तिचा दंड धरला होता. तिने तो सोडवला. तिने तिसरा फोटो पाहिला, जो तिने सात आठवड्यांपूर्वी मोठा करून पाहिला होता. मग दुसरा उचलला आणि डोळ्यांजवळ नेला.

"बाबा," ती म्हणाली, "पिवळी आहे."

शेगडीवाल्याने मान हलवली. त्याचे ओठ हलले. पुढचे दोन शब्द यायला हवे होते, ते आले नाहीत.

"माझ्या फोटोत निळी होती," ती म्हणाली. "मी नीट बघितलं होतं. निळीच होती."

"निळीच होती बाळा," तो म्हणाला. "तू बरोबर बघितलंस."

ती पायरीवर बसली आणि रडायला लागली, मोठ्याने, तोंड न झाकता. कुणी तिला थांबवलं नाही. नीळभाऊला काहीतरी बोलायचं होतं. कालपासून वाक्य तयार होतं. त्याने एक पाऊल टाकलं. शेगडीवाल्याने हात वर केला, मारायला नाही, थांबवायला.

"उशिरा का होईना, खरं बोललात," तो म्हणाला. "पण आत्ता नको. ती बघेल तुमच्याकडे तेव्हा बघेल. नाही बघितलं तर नाही."

तिने बघितलं नाही.

परत खोलीत आल्यावर जबाब लिहून झाला. गिझर भंगारवाल्याकडून शोधून आणायचा आदेश निघाला, मालकाला सोमवारी पुन्हा बोलावलं, आणि नीळभाऊलाही. आता त्याच्या कागदावर साक्षीदार हा शब्द खोडून काही लिहिलं नव्हतं, पण त्यापुढे अधिकाऱ्याने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. एजंट सही न करताच कुठेतरी निघून गेला होता. फोन त्याने दुपारीच बंद केला, आणि चाळीस घरं दुसऱ्या कुणाकडे गेली हे नीळभाऊला आठवड्याभरात कळलं.

शेवटी फायल लावणाऱ्या कारकुनाने तिन्ही फोटो घेतले आणि कोपऱ्यातल्या झेरॉक्स मशीनकडे निघाला.

"काय करताय?" नीळभाऊने विचारलं.

"फायलीला झेरॉक्स लागते. मूळ प्रती तुम्हाला परत."

"रंगीत येते?"

"रंगीत?" कारकून हसला. "इथे शाई येते हेच नशीब."

मशीनमधून तीन कागद बाहेर आले. करड्या टाइल्स, करडी बादली, करडी ज्वाला. तिन्ही अगदी सारखे. आता ज्वालेचा रंग कुणाच्याच बाजूने बोलत नव्हता.

"मूळ फोटोच लावा," नीळभाऊ म्हणाला.

"नियम नाही. आणि लावले तरी काय, दोन वर्षांनी उडतात रंग. फायली कुठल्या खोलीत असतात बघितलंय का तुम्ही? ओल आहे तिथे."

नीळभाऊने कारकुनाकडून पेन मागून घेतलं. पहिल्या कागदावर लिहिलं: ‘जसा निघाला तसा. खोलीत पिवळा बल्ब.’ दुसऱ्यावर लिहिलं: ‘बल्बचा रंग काढून. ज्वाला पिवळीच होती.’ तिसरा कागद त्याने जरा वेळ समोर ठेवला. मग खाली, जिथे सही करायची जागा नव्हती तिथे, ठळक अक्षरांत लिहिलं: ‘ही ज्वाला निळी मी केली,’ आणि सही केली.

कारकुनाने ते वाचलं, मग त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिन्ही कागद टाचून फायलीत लावले आणि वर पृष्ठ क्रमांक घातले.